रक्त दिले, पण निष्कर्षाचे काय?

राजवाड्याजवळील माझ्या दवाखान्यात एक काकू जुने संमतिपत्र घेऊन आल्या. मधुमेहाच्या आनुवंशिकतेवरील एका संशोधनासाठी त्यांनी रक्त दिले होते. "डॉक्टरसाहेब, माझे काय निघाले ते कोणी कळविलेच नाही," ही त्यांची तक्रार. वैयक्तिक अहवाल दिला जाणार नाही, असे त्या कागदावर छापलेले होते आणि खाली सहीही त्यांचीच होती. तथापि त्यांच्या लेखी रक्त देणे म्हणजे तपासणी व तपासणी म्हणजे रिपोर्ट. हा समज सार्वत्रिक आहे. त्यास अज्ञान म्हणून झिडकारणे मला योग्य वाटत नाही.

संशोधकांची बाजूही खोटी नाही. संशोधनातील चाचणी निदानाच्या दर्जाची असतेच असे नाही. शिवाय जनुकांतील पुष्कळ बदलांचा अर्थ अद्याप अनिश्चित आहे. म्हणूनच निष्कर्ष कळविण्यापूर्वी नव्या नमुन्यावर खातरजमा करावी लागते. परंतु मधुमेह शोधताना स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-२ जनुकातील ज्ञात दोष आढळला, तर मौन पाळावे काय? आइसलँडमध्ये यावर वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर २०१८ मध्ये, ज्यास हवे त्याने स्वतः विचारावे, अशी सोय करण्यात आली.

आपल्या शेजारच्या झाबुआ-अलीराजपुरात प्रश्न निराळा आहे. सिकलसेलची तपासणी हे संशोधन नव्हे. तेथे निष्कर्ष हातात दिला जातो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत त्यासाठी कार्डच आहे. वाहक हा रुग्ण नव्हे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे समजावून न सांगता कार्ड दिले, तर मुलीच्या माथी निष्कारण दोष येतो. (पत्रिकेत मंगळ निघाला की काय होते, हे आपणांस ठाऊक आहेच!)

मी काकूंना विचारले, "समजा, काही वाईट निघाले, तर कळवावे काय?"

त्या क्षणभर थांबल्या. "मला सांगा. पण नातीचे लग्न होईपर्यंत घरात कोणाला नको."

आणि असा दोष खरोखरच निघाला, तर वेळीच तपासणी करून घेण्याचा सर्वाधिक लाभ त्या नातीलाच होणार! मी तसे म्हणालो. काकूंनी संमतिपत्राची घडी केली व पुढच्या खेपेस नातीला सोबत आणते, असे सांगून त्या गेल्या. त्या अद्याप आलेल्या नाहीत.