दुहीचे फळ

[राष्ट्राच्या नावाने खेळणाऱ्या संघात फूट पडली म्हणजे कसा अनर्थ ओढवतो आणि ती फूट टाळण्यासाठी कोणी काय सोसावे लागते, याचा विचार या पाठात खेळाच्या इतिहासातील तीन प्रसंगांच्या आधारे केला आहे.]

राष्ट्राचा संघ निवडताना देशातील उत्तमोत्तम खेळाडू एकत्र आणले जातात. प्रत्येक जण आपापल्या प्रांतात नावाजलेला असतो आणि प्रत्येकाला आपल्या कौशल्याचा सार्थ अभिमान असतो. असे मानी पुरुष परक्या मुलुखात कित्येक आठवडे एका छपराखाली राहू लागले, म्हणजे भांड्याला भांडे लागायचेच. त्यात आश्चर्य नाही. परंतु हा आवाज केव्हा विरून जातो आणि केव्हा त्याचे वैरात रूपांतर होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

१९३६ साली भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या संघात गुणांची मुळीच वाण नव्हती. नागपुरात जन्मलेले आणि १९३२ साली भारताचे पहिले कसोटी कर्णधार झालेले सी. के. नायडू त्यात होते. मुंबईचे विजय मर्चंट व दत्ताराम हिंदळेकर, इंदूरचे मुश्ताक अली, अमरसिंग व महंमद निसार यांच्यासारखे तेज गोलंदाज, आणि १९३३ साली मुंबईच्या जिमखान्यावर भारताच्या वतीने कसोटीतील पहिले शतक झळकविणारे लाला अमरनाथ हेही होते. संघाचे नेतृत्व मात्र विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे आले होते. ते धनवान होते, खेळाचे आश्रयदाते होते. परंतु खेळाडू म्हणून त्यांची योग्यता बेताचीच होती. त्या दौऱ्यातील तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांनी केवळ ३३ धावा केल्या.

आपल्याहून श्रेष्ठ माणसे हाताखाली असणे ही नेत्याची मोठी कसोटी असते. महाराजकुमार या कसोटीस उतरले नाहीत. नायडूंना मानणारे एका बाजूस आणि कर्णधाराची मर्जी सांभाळणारे दुसऱ्या बाजूस, असे संघात दोन तट पडले. जूनमध्ये लॉर्ड्‌सच्या मैदानावर मायनर काउंटीज संघाशी सामना चालू असताना अमरनाथ पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. कर्णधाराने त्यांना मागे ठेवून इतरांना पुढे धाडले. दिवसाचा खेळ संपण्यास अगदी थोडा अवधी उरला, तेव्हा कोठे त्यांना मैदानात उतरता आले. परत आल्यावर त्यांचा संताप अनावर झाला. त्यांनी आपले साहित्य आपटले आणि मनातली चीड बोलून दाखविली. एवढे निमित्त पुरे झाले. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी रदबदली केली, पण तिचा उपयोग झाला नाही. पहिल्या कसोटीपूर्वीच अमरनाथना बोटीने मायदेशी परत पाठविण्यात आले. त्या दौऱ्यात तोवर त्यांच्या सहाशेहून अधिक धावा झाल्या होत्या!

मग पहिल्या कसोटीत काय झाले? अमरसिंगांनी ३५ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १३४ धावांत आटोपला आणि भारताला १३ धावांची आघाडी मिळाली. विजयाची वाट मोकळी दिसत होती. परंतु दुसऱ्या डावात भारताचा संघ अवघ्या ९३ धावांत गारद झाला व सामना नऊ गड्यांनी गमवावा लागला. त्या डावात अमरनाथ असते तर निकाल पालटला असता, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. मात्र आपल्याच हाताने आपला एक हात छाटून संघ रणात उतरला होता, हे खरे.

दुहीचे विष किती खोल भिनले होते, हे दाखविणारी एक हकीकत क्रिकेटच्या जगात नेहमी सांगितली जाते. मँचेस्टर येथील दुसऱ्या कसोटीच्या वेळी, सलामीस जाताना मर्चंटना धावचीत करावे, अशी सूचना खुद्द कर्णधाराने मुश्ताक अलींना केली आणि त्यासाठी सोन्याच्या घड्याळाचे आमिष दाखविले, असे म्हणतात. मुश्ताक अलींनी ही गोष्ट मर्चंटनाच हसत हसत सांगून टाकली. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात या दोघांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. मर्चंट यांनी ११४ आणि मुश्ताक अलींनी ११२ धावा काढल्या आणि पराभवाच्या छायेतील सामना अनिर्णित राखला. दोघांमध्ये विश्वास असेल तर सोन्याच्या घड्याळाचीही मात्रा चालत नाही! पण दोघांचा विश्वास म्हणजे अकरा जणांचा विश्वास नव्हे. ओव्हलची तिसरी कसोटीही भारताने नऊ गड्यांनी गमावली.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रकरणाची चौकशी झाली. १९३७ च्या जानेवारीत आलेल्या अहवालाने अमरनाथना निर्दोष ठरविले आणि कर्णधाराच्या वर्तनावर ठपका ठेवला. न्याय मिळाला, परंतु तो उशिरा. मध्यंतरी महायुद्ध आले आणि पुढचा कसोटी सामना खेळण्यासाठी अमरनाथना १९४६ सालापर्यंत थांबावे लागले. तारुण्यातील ती वर्षे त्यांना कोण परत देणार? काळाने एवढी भरपाई मात्र केली की, १९५२ साली पाकिस्तानविरुद्ध भारताने आपली पहिली कसोटी मालिका जिंकली, तेव्हा संघाचे कर्णधार अमरनाथच होते.

ही कथा राजेरजवाड्यांच्या काळातली आहे, आज असे घडणार नाही, असे कोणास वाटेल. पण तसे मानणे भोळेपणाचे होईल. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली होती. चारच वर्षांपूर्वी अंतिम सामन्यापर्यंत धडक मारणारा फ्रान्सचा संघ तिच्यात उतरला होता. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात निकोला अनेल्का या खेळाडूची प्रशिक्षक रेमों दोमेनेक यांच्याशी कडाक्याची वादावादी झाली. चार भिंतींच्या आतले ते शब्द कोणीतरी बाहेर फोडले आणि दोनच दिवसांनी ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकले. अनेल्काला मायदेशी पाठविण्यात आले. दुसऱ्या दिवशी, २० जून रोजी, नायस्ना या गावी सराव पाहण्यासाठी लोक जमले असताना कर्णधार पात्रिस एव्हरा आणि त्याचे सहकारी सराव न करताच बसमध्ये जाऊन बसले. खेळाडूंचे निषेधाचे पत्रक वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना वाचून दाखविण्याची पाळी प्रशिक्षकावरच आली. तीन सामने, एक गोल आणि एक गुण एवढीच त्या संघाची कमाई झाली आणि तो आपल्या गटात तळाला राहिला. फ्रान्समधले कौशल्य आटले होते काय? मुळीच नाही. त्याच देशाने २०१८ साली विश्वचषक जिंकला.

या दोन्ही प्रसंगांत एक साम्य आढळते. गाऱ्हाणे मांडावे आणि ते शांतपणे ऐकून घेतले जावे, अशी जागाच त्या संघांत उरली नव्हती. लॉर्ड्‌सवर अमरनाथांचे म्हणणे ऐकून घेण्याऐवजी शिस्तीच्या नावाखाली त्यांना दूर केले गेले. नायस्ना येथे घरातले भांडण बाजारात गेले. शिस्त हवीच, पण शिस्त म्हणजे नेत्याची लहर नव्हे. तसेच स्वाभिमानही हवा. पण स्वाभिमान म्हणजे सर्वांच्या कार्याची होळी करण्याचा परवाना नव्हे. नेत्याने कान उघडे ठेवावेत आणि सहकाऱ्याने योग्य ठिकाणी तोंड उघडावे, तरच संघ टिकतो.

याचे उजळ उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत सापडते. प्रवरेच्या खोऱ्यात, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द या गावी १९८८ साली अजिंक्य रहाणे यांचा जन्म झाला. अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजेच आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे, हे सुपुत्र पुढे भारताच्या संघात मानाचे फलंदाज झाले. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाने भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत गुंडाळला. नियमित कर्णधार विराट कोहली कौटुंबिक कारणासाठी मायदेशी परतले, महंमद शमी जायबंदी झाले आणि मेलबर्नच्या कसोटीत नेतृत्वाचा भार रहाणे यांच्यावर पडला. एकमेकांना दोष देऊन संघ फुटण्यास याहून अनुकूल वेळ कोणती?

मेलबर्नला रहाणे यांनी शतक ठोकले. ते ११२ धावांवर खेळत असताना जोडीदार रवींद्र जडेजा आपल्या अर्धशतकासाठी एका चोरट्या धावेच्या मागे लागले आणि रहाणे धावचीत झाले. शतकवीर कर्णधाराची खेळी अशी संपली, तर कोणाच्याही मस्तकात तिडीक उठेल. परंतु रहाणे यांनी कपाळाला आठी पाडली नाही. परत फिरण्यापूर्वी त्यांनी जडेजांना धीर दिला आणि खेळ पुढे चालू ठेवण्यास सांगितले. जडेजांनी ५७ धावा केल्या, भारताने १३१ धावांची आघाडी घेतली आणि सामना आठ गड्यांनी जिंकला. एका कर्णधाराने सहकाऱ्याला धावचीत करविण्याचा घाट घातला, असे सांगितले जाते. दुसरा कर्णधार सहकाऱ्याच्या घाईमुळे स्वतः धावचीत झाला आणि तरीही त्याने त्यालाच सावरले. या दोन चित्रांमधले अंतर म्हणजेच दुही आणि एकी यांमधले अंतर होय.

सिडनीच्या कसोटीत प्रेक्षकांपैकी काहींनी महंमद सिराज या नवख्या गोलंदाजाला वर्णावरून हिणवले. दौऱ्याच्या आरंभीच त्यांचे वडील निवर्तले होते. तरी ते संघाबरोबर राहिले होते. सिराजनी आपले गाऱ्हाणे कर्णधाराच्या कानावर घातले. रहाणे यांनी ते पंचांपुढे मांडले, खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. त्याच सिराजनी ब्रिस्बेनच्या पुढल्या सामन्यात ७३ धावांत ५ गडी बाद केले. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता, तेथे १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने तीन गड्यांनी विजय मिळविला व मालिका दोन विरुद्ध एक अशी जिंकली. करंडक हाती येताच रहाणे यांनी तो त्याच सामन्यात कसोटी पदार्पण केलेल्या टी. नटराजन यांच्या हाती सोपविला.

मानाची पहिली जागा दुसऱ्यास द्यावी आणि हानीचा पहिला घाव आपण सोसावा, हे नेत्याचे खरे लक्षण. जेथे असा नेता असतो, तेथे सहकारी आपापला अहंकार मैदानाबाहेर ठेवतात. जेथे तो नसतो, तेथे नामवंतांचाही केवळ जमाव होतो. शाळेचा संघ असो, गावची पंचायत असो की राष्ट्राचा कारभार असो, ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण सर्वत्र सारखीच लागू पडते.

शब्दार्थ : वाण – उणीव. रदबदली – दुसऱ्यासाठी केलेली विनवणी. आमिष – लालूच. ठपका – दोषारोप. तिडीक – रागाची सणक. घाट घालणे – बेत आखणे.

अभ्यास

१. महाराजकुमार नेतृत्वाच्या कसोटीस का उतरले नाहीत?
२. ‘न्याय मिळाला, परंतु तो उशिरा.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. लॉर्ड्‌स आणि नायस्ना येथील प्रसंगांत कोणते साम्य आहे? कोणता फरक आहे?
४. अमरनाथ यांच्या जागी तुम्ही असता, तर आपले गाऱ्हाणे कसे मांडले असते? दहा ओळी लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : भांड्याला भांडे लागणे, कसोटीस उतरणे, मात्रा न चालणे, कपाळाला आठी पडणे.