कोंबड्यांच्या शेडमधील अमोनिया

शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले, तर विष्ठेतील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जात आहे असे समजावे. त्यामुळे पक्ष्यांची वाढ खुंटते व खताचा कसही घटतो.

गादी ओली व अल्कधर्मी झाली की हा वायू जास्त सुटतो. म्हणून ओल्या गादीत चुना मिसळू नये. अमेरिकेतील अर्कान्सास येथे डॉ. फिलिप मूर यांनी १९९० च्या दशकात गादीत ॲल्युमिनियम सल्फेट मिसळून प्रयोग केले. त्याच्या आम्लतेमुळे नत्र अमोनियमच्या रूपात गादीतच टिकून राहते व पुढे पिकाला मिळते.

मात्र त्याआधी पाण्याची गळती थांबवावी, भिजलेली गादी काढून टाकावी आणि पडदे उघडून हवा खेळती ठेवावी.