मोबाईलवरील पावसाचा अंदाज येतो कोठून?

फवारणीचा पंप भरण्यापूर्वी बरेच शेतकरी बंधू आता मोबाईलवरील ढगाचे चित्र पाहतात. चित्रात ऊन असते, फवारणी उरकते आणि दोन तासांत सर येऊन औषध धुऊन जाते. मजुरीही वाया. असे का होते?

फोन स्वतः पाऊस मोजत नाही. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा त्यातील हवामान याहू पुरवीत असे (शेअरचे भावही याहूचेच). २०१४ मध्ये त्याची जागा वेदर चॅनेलने घेतली. २०२० मध्ये ॲपलने डार्क स्काय विकत घेऊन पुढे स्वतःची सेवा उभारली. पुरवठादार कोणीही असो, मुळाशी उपग्रह, रडार, वेधशाळांच्या नोंदी व संगणकीय प्रारूपे असतात.

प्रारूप नकाशाचे चौकोन पाडून गणित करते. भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकोनाचे प्रारूप आणले. त्यापूर्वी तो १२ किलोमीटरचा होता. सहा किलोमीटरमध्येही अनेक शिवारे बसतात. वळवाची सर तर बांध ओळखते! पडद्यावर आपल्या गावाचे नाव दिसले, म्हणजे तेथे यंत्र आहे असे समजू नये.

फवारणी ठरविताना दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहावा. तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. शेतात साधे पर्जन्यमापक उघड्यावर बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद करावी. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात.