जहाजावर सोबत कोण आहे?

मुलं स्क्रीनसमोर बसली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. किती वेळ झाला? कधीपासून बसलायस? अजून किती? दिवसभराचं काम, लोकलची गर्दी, घरात शिरल्या शिरल्या कुकर लावायची घाई. अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. घड्याळाकडे बोट दाखवणं त्यातल्या त्यात सोपं. आपण सगळेच हे करतो.

पण हेच मूल खाली सोसायटीत खेळायला निघालं, तर आपण आपसूक विचारतो, "कोण कोण आलंय खाली?" सोबत कोण आहे हे कळलं की निम्मी काळजी मिटते. खोलीत हेडफोन लावून खेळणाऱ्या मुलाला मात्र हे विचारायचं राहून जातं. मूल घरातच आहे, डोळ्यांसमोर आहे, एवढ्यानं आपण निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ते भर समुद्रात, चार अनोळखी माणसांच्या बरोबर असू शकतं.

आमची मुलगी आठवीत आहे आणि 'सी ऑफ थीव्हज' हा तिचा सध्याचा जीव की प्राण आहे. रेअर नावाच्या ब्रिटिश कंपनीनं बनवलेला हा समुद्री चाच्यांचा खेळ २०१८ मध्ये आला. जहाज घ्यायचं, नकाशा बघून बेटावर जायचं, पुरलेली पेटी खणून काढायची आणि बंदरावर नेऊन विकायची. त्याच समुद्रात इतरही जहाजं फिरत असतात. ती चालवणारी माणसं खरी, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातली. तुमची पेटी विकून होईपर्यंत ती तुमची नसते; वाटेत कुणीही लुटू शकतं. युरोपातल्या मानांकनात हा खेळ बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे, अमेरिकेतल्या मानांकनात किशोरवयीनांसाठी.

खेळ सुरू करतानाच मुलाला ठरवावं लागतं, एकट्यानं जायचं की टोळीत. स्लूप हे छोटं जहाज एकट्याचं किंवा दोघांचं. ब्रिगंटीन तिघांचं. गॅलियन हे मोठं जहाज चौघांचं. आपल्या दृष्टीनं ही खेळातली एक किरकोळ निवड. मुलांच्या मनात मात्र त्या एका निवडीमागे बरंच काही चाललेलं असतं. त्याबद्दलच तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आधी एकटेपणाचं बघू. मूल एकटंच खेळतंय हे दिसलं की आपल्या पोटात कालवाकालव होते. त्यातून घरात एकुलतं एक असेल तर विचारूच नका. हिला मैत्रिणी नाहीत का? हा एकलकोंडा तर होत नाहीये ना? शेजारच्या काकूंनी सहज विचारलेला प्रश्नही रात्री झोपताना आठवतो.

मुलीला मी एकदा विचारलं, "एकटीनं कंटाळा येत नाही?" ती म्हणाली, "आई, दिवसभर कुणी ना कुणी काहीतरी सांगतच असतं गं. इथे कुणी सांगत नाही." तिच्या दिवसाकडे जरा तिच्या बाजूनं पाहिलं. सकाळची बस, शाळा, मग क्लास, मग गृहपाठ, आणि मधल्या प्रत्येक फटीत आमच्या सूचना. स्लूपवर ती एकटी असते तेव्हा शीड तीच सोडते, सुकाणू तीच धरते, नांगर तीच टाकते. चुकली तर चुकली. एखाद्या बेटावर सूर्य मावळेपर्यंत नुसतं बसावंसं वाटलं तर बसते.

तेव्हा मूल एकटं खेळतंय एवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही. खेळून उठल्यावर ते कसं असतं ते बघावं. हलकं होऊन उठलं, जेवताना दोन गोष्टी सांगितल्या, तर तो एकांत त्याला हवाच होता. रोज उठताना चेहरा पडलेला असेल, पूर्वीचे मित्र बोलवत असूनही ते टाळत असेल, तर शेजारी जाऊन बसावं आणि हळूच विचारावं.

एकट्याच्या वाट्याला एक दुःखही ठरलेलं असतं. तास-दोन तास खपून पेट्या गोळा कराव्यात, बंदर समोर दिसू लागावं आणि मागून चौघांचं मोठं जहाज यावं. एकटं मूल तोफ चालवणार, भोकं बुजवणार की बादलीनं पाणी उपसणार? जहाज बुडतं, पेट्या पाण्यावर तरंगत राहतात आणि दुसरे त्या उचलून नेतात. खेळ लगेच नवं जहाज देतो, पण ते रिकामं असतं.

अशा वेळी मूल चिडतं, रडतं, कंट्रोलर आपटतं. आणि आपण म्हणतो, "अगं, खेळच आहे ना?" समजूत घालायलाच म्हणतो. पण आपण दिवसभर बसून केलेलं काम सेव्ह न होता उडालं आणि कुणी म्हणालं, "फाइलच होती ना?" तर आपल्याला कसं वाटेल? पाच मिनिटं फक्त ऐकून घ्यावं. "काय काय होतं गं जहाजावर?" एवढं विचारलं तरी मुलाचा श्वास खाली बसतो. चिडण्याबद्दलचं बोलणं दुसऱ्या दिवशी करता येतं.

लुटालुटीचा ज्या मुलांना फारच त्रास होतो, त्यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून या खेळात 'सेफर सीज' नावाची सोय आहे. तिथल्या समुद्रात फक्त तुमचंच जहाज असतं. ती आली तेव्हा तिथली कमाई मुद्दाम कमी ठेवली होती, त्यामुळे मोठी मुलं नाक मुरडतात. पण नव्यानं खेळणाऱ्या, किंवा हरल्यावर झोप उडणाऱ्या मुलासाठी ती चांगली सुरुवात आहे.

आता टोळीचं. चौघांच्या गॅलियनवर सुकाणू धरणाऱ्याला समोरचं नीट दिसत नाही, कारण उघडी शिडं आड येतात. नकाशा खालच्या मजल्यावर असतो, तो तर त्याला अजिबात दिसत नाही. म्हणजे एकानं पुढे उभं राहून खडक आला की ओरडायचं, एकानं नकाशा बघून दिशा सांगायची, एकानं वाऱ्याप्रमाणे शिडं फिरवायची. कुणी एक जण कितीही हुशार असला तरी बाकीच्यांवर भरवसा ठेवल्याशिवाय जहाज पुढे जात नाही. पेटी विकली की सोनं सगळ्यांना सारखंच मिळतं. आणि जुन्या खेळाडूची तोफ नव्याच्या तोफेपेक्षा जास्त ताकदीची नसते. जुन्यांकडे कपडे आणि शिडं तेवढी झोकदार असतात.

वर्गात हात वर न करणारं मूल इथे खणखणीत आवाजात सांगतं, "उजवीकडे घ्या, उजवीकडे, खडक आहे!" दाराबाहेर उभं राहून तो आवाज ऐकलात, तर आपल्या मुलाची एक वेगळीच ओळख होईल.

पण टोळी दुखावतेही. या खेळात जहाजाच्या तळाशी एक कोठडी आहे. बाकीच्यांनी मत दिलं की एखाद्या खलाशाला तिथे कोंडता येतं. बेशिस्त खेळाडूला आवरण्यासाठी ती ठेवलेली आहे. मुलं कधी गंमत म्हणून कोंडतात, कधी नव्याला छळायला. आपलं मूल त्या गजांआड बसून बाकीच्यांचं हसणं ऐकत असतं आणि आपण स्वयंपाकघरातून विचारत असतो, "झालं का खेळून?"

दुसरं दुखणं अगदी साध्या हिशोबाचं आहे. जहाजावर माणसं चार आणि मैत्रिणी पाच. मग पाचवी कोण? दुसऱ्या दिवशी डबा खाताना चौघी कालच्या लढाईबद्दल बोलतात आणि पाचवी गप्प बसते. घरी येऊन ती म्हणते, "मला तो गेमच आवडत नाही आता." आपल्याला मनातून बरं वाटतं, चला, सुटली एकदाची. पण त्या वाक्यामागे काय आहे ते विचारायला हवं.

अशा वेळी लगेच दुसऱ्या मुलीच्या आईला फोन लावण्याचा मोह होतो. तो जरा आवरावा. आधी मुलीला विचारावं, "तुला काय करावंसं वाटतं?" मुलं पुष्कळदा स्वतःच तोड काढतात. पाळीपाळीनं एकीनं थांबायचं, नाहीतर पाचही जणींना खेळता येईल असं दुसरं काहीतरी निवडायचं. आणि आपली मुलगी आत असलेल्या चौघींपैकी असेल तर तिला हलकेच आठवण करून द्यावी, की बाहेर राहिलेली एक मैत्रीणही आहे.

मग येतात अनोळखी लोक. टोळी उघडी ठेवली, तर खेळ कुणालाही आपल्या जहाजावर पाठवतो. बंद ठेवली, तर आपण बोलावलेलेच येतात. हा फरक प्रत्येक आईबाबांनी मुलाकडून एकदा समजून घ्यावा. आमच्याकडे ठरलंय, टोळी बंदच ठेवायची आणि ओळखीच्यांनाच बोलवायचं. मात्र जवळून जाणाऱ्या दुसऱ्या जहाजावरचा आवाजही या खेळात ऐकू येतो, आणि तिथे काय भाषा असेल याचा नेम नसतो. इतरांचे आवाज सेटिंगमध्ये बंद करता येतात. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन, दोन्हींत मुलाचं वेगळं खातं काढून त्यानं कुणाशी बोलायचं हे पालकांना ठरवता येतं. एखाद्या रविवारी दुपारी मुलाला शेजारी घेऊनच हे करावं. त्याच्या पाठीमागे केलं तर ते हेरगिरीसारखं वाटतं.

बोलायच्या गोष्टी थोड्याच आहेत. खरं नाव, शाळा, पत्ता आणि फोटो कुणाला द्यायचे नाहीत. खेळातल्या ओळखीनं दुसऱ्या ॲपवर बोलायला बोलावलं तर जायचं नाही. "घरी सांगू नकोस" असं कुणी म्हणालं, तर ते सगळ्यात आधी घरी सांगायचं.

पण मुलं सांगत का नाहीत, हेही बघू या. त्यांना पक्कं ठाऊक असतं की तोंड उघडलं तर खेळ बंद होणार. घाबरून आपण बहुतेक तेच करतो. म्हणून नियमांच्या आधी एक वचन द्यावं लागतं: "तुझ्या कानावर काही वाईट पडलं आणि तू मला सांगितलंस, तर त्यासाठी तुझा खेळ बंद होणार नाही." आणि ते पाळावं लागतं. माझ्या मते सगळ्या सेटिंगपेक्षा या एका वचनाचा आधार मोठा आहे.

आता रोजचं भांडण, जेवणाच्या हाकेचं. पानं वाढलेली असतात, पोळ्या गार होत असतात आणि आतून आवाज येतो, "आई, पाच मिनिटं! थांबवता येत नाही!" ते खोटं नसतं. हा खेळ ऑनलाइन आहे, मधेच थांबवायची सोय त्यात नाही. एकटं मूल उठलं तर त्याच्या न विकलेल्या पेट्या जातात. टोळीतलं मूल उठलं तर मागे राहिलेल्यांना एका माणसाची चणचण पडते. "माझ्यामुळे सगळे बुडतील," ही त्याची घालमेल खरी असते. दिलेला शब्द पाळावा, हे आपणच तर त्याला शिकवलेलं असतं.

आम्ही त्यावर एक साधा मार्ग काढला. मुलगी खेळायला बसायच्या आधी जेवणाची वेळ सांगते आणि टोळीलाही तेव्हाच सांगून टाकते. हाक मारण्याआधी जरा वेळ मी आत डोकावून विचारते, "बंदर किती लांब?" शाळेच्या दिवशी एकटीनं छोटी फेरी, किंवा खेळच नाही. टोळीचं जहाज शनिवार-रविवारी. रोज जमतंच असं नाही, पण आवाज चढण्याचे प्रसंग कमी झाले.

एक सुखाची गोष्टही सांगते. तिचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. आपली रविवार सकाळ म्हणजे त्यांची शनिवार रात्र. दोघं मिळून स्लूप घेतात. मराठीत बोलायला बुजणारा तो मुलगा आता "नांगर टाक, नांगर टाक!" म्हणून ओरडतो, आणि इकडे आजी खुर्ची ओढून शेजारी बसते. तुमच्याही घरात लांबची भावंडं असतील, गाव सोडून गेलेले मित्र असतील. मुलाची पहिली टोळी अशाच माणसांची असू द्या.

आणि जमलं तर एखाद्या दिवशी स्लूपवरची दुसरी जागा आपण घ्यावी. नकाशा वाचता आला नाही तरी बादलीनं पाणी उपसता येतं. त्या वेळी मूल आपल्याला शिकवत असतं, आणि शिकवता शिकवता, एरवी विचारूनही न सांगितलेलं बरंच काही सांगून जातं.

उद्या हॉस्टेलवर, कॉलेजात, नोकरीत आपली मुलं स्वतःची माणसं स्वतः निवडणार आहेत. कधी एकटं राहायचं, कधी चौघांत जायचं, कुणावर भरवसा टाकायचा, हे तिथे आपल्याला विचारून ठरणार नाही. त्याची थोडी सवय इथे, आपण शेजारच्या खोलीत असताना होते आहे. म्हणून मुलाला एवढं नक्की सांगून ठेवा: ज्या टोळीत तुझा अपमान होतो तिथून मधेच उठून आलास तरी चालेल, पेट्या गेल्या तरी चालतील, आणि का उठलास हे आम्हाला लगेच सांगायलाच हवं असंही नाही.