इकाम्याचा खर्च कोणाच्या खिशातून?

प्रश्न : सौदीत नोकरी करतो. इकाम्याच्या (निवास परवान्याच्या) नूतनीकरणाचे पैसे कंपनी पगारातून कापते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. सौदी कामगार कायद्याच्या 40व्या कलमानुसार इकामा, वर्क परमिट, त्यांचे नूतनीकरण आणि उशीर झाल्यास होणारा दंड हा सारा खर्च मालकाचा. कंपन्या कापायला का धजावतात, हे आकड्यांत दिसते : इकाम्याचे वर्षाला 650 रियाल, पण खरा बोजा वर्क परमिटसोबतच्या आकारणीचा. 2020पासून ती सर्वसाधारणपणे दरमहा 800, म्हणजे वर्षाला 9,600 रियाल! (कारखान्यांना यात सवलत आहे.) 'करारावर सही केलीत ना?' असे कंपनी म्हणेल. पण कायद्याने दिलेला हक्क करारातल्या एका ओळीने बुडत नाही. कुटुंब सोबत असेल तर मात्र माणशी दरमहा 400 रियाल तुमच्याच माथी. कलम तिथे पोचत नाही.

नूतनीकरणाचा क्रम असा : आधी आरोग्यविमा चालू हवा, मग वर्क परमिट, शुल्कभरणा, शेवटी इकामा. हे सारे कंपनीच्याच खात्यातून होते. म्हणून 'तूच उशीर केलास' हा आरोप सहसा टिकत नाही. इकाम्याची मुदत 'अबशर' या सरकारी ॲपवर स्वतः पाहत राहा, पगाराच्या पावत्या जपा. कंपनी ऐकेना, तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते; तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग कामगार न्यायालय.