गेमचा जुना मॉनिटर संगणकाला जोडताना

सोलापुरातील टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या बांधवांकडे व्हिडिओ गेमच्या पेटीतला मॉनिटर आला, तर मजुरी सांगण्याआधी एवढे तपासावे, असे आम्ही सुचवतो.

साधा गेम मॉनिटर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेषा काढतो. १९८७ साली आलेले व्हीजीए सुमारे ३१,५०० पाठवते. म्हणून चित्र फाटते किंवा दुहेरी दिसते. स्क्रू फिरवून हे सुटत नाही; संगणकातूनच १५ किलोहर्ट्झचा संकेत काढावा लागतो. चित्र स्थिर पण अंधुक असेल, तर ०.७ व्होल्टचा रंगसंकेत अपुरा पडतो. मध्ये ॲम्प्लिफायर बसवावा.

बहुतेक जुन्या मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो नसताना संगणक जोडल्यास यंत्र जळेल, शिवाय जिवावर बेतेल. गिऱ्हाईक घाई करील; आपण करू नये.