घटक ५ : नोकरीतील वैविध्य-धोरणे आणि विरोधकांचे मार्ग

उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• वैविध्य-धोरणांना आव्हान देण्याचे प्रमुख मार्ग सांगता येतील.
• एकाच कायद्याचा आधार दोन्ही पक्ष कसा घेतात, हे स्पष्ट करता येईल.
• अमेरिकेतील व भारतातील वादांच्या स्वरूपातील फरक सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, एखाद्या वैविध्य-धोरणाचा विरोधक म्हटला की समानतेलाच नकार देणारा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हा विरोधक बहुधा समानतेच्याच भाषेत बोलतो. ज्या कायद्याच्या आधारे धोरण उभे राहिले, त्याच कायद्यावर बोट ठेवून तो न्यायालयात जातो. अमेरिकेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो. प्रशिक्षणाची जागा कोणाला, बढती कोणाला, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. म्हणून प्रत्येक निकालामागे कोणाची तरी उपजीविका असते, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

५.२ पार्श्वभूमी
१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग व राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढून, केंद्र सरकारची कंत्राटे घेणाऱ्या उद्योगांवर समान संधीसाठी सक्रिय प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली. येथे एक पेच निर्माण होतो. कायदा ‘भेद करू नका’ असे सांगतो; परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या भेदाचे परिणाम दूर करावयाचे, तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची वेगळी दखल घ्यावी लागते. अशी दखल घेणे हाही भेदच होय काय? विरोधकांचे बहुतेक युक्तिवाद या प्रश्नातून निघतात.

५.३ आव्हानाचे मार्ग

५.३.१ कायद्याच्या शब्दावर बोट
लुइझियाना राज्यात ग्रॅमर्सी येथे कैसर ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना होता. परिसरातील कामगारवर्गात कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. कारखान्यातील २७३ कुशल कारागिरांत मात्र कृष्णवर्णीय अवघे पाच होते. १९७४ मध्ये कंपनी व कामगार संघटना यांनी करार करून प्रशिक्षणाच्या निम्म्या जागा कृष्णवर्णीय कामगारांसाठी ठेवल्या. आपल्याहून कमी सेवाज्येष्ठता असलेल्यांची निवड झाल्याचे पाहून एका गोऱ्या कामगाराने दावा लावला. कायदा वंशावरून भेद करू नये असे म्हणतो. मग गोऱ्या कामगाराशी केलेला भेद त्यातून कसा सुटतो, असा त्याचा सवाल होता. १९७९ मध्ये, ‘वेबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी योजना वैध ठरविली. योजना ऐच्छिक व तात्पुरती होती, तिच्यामुळे कोणा गोऱ्या कामगाराची नोकरी जात नव्हती आणि ती कायद्याच्या हेतूशी सुसंगत होती, ही त्याची कारणे होत. येथे हेतूने शब्दावर मात केली.

पुढे शब्दाचे पारडे जड होत गेले. बहुसंख्य गटातील फिर्यादीने अधिकचा पुरावा द्यावा, अशी अट काही कनिष्ठ न्यायालये घालीत असत. २०२५ मध्ये ‘एम्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली.

५.३.२ गुणवत्तेच्या मोजपट्टीचा वाद
१९७१ च्या ‘ग्रिग्ज’ खटल्यात न्यायालयाने असे ठरविले होते की, वरकरणी तटस्थ असलेली परीक्षा एखाद्या गटाला मोठ्या प्रमाणावर वगळीत असेल आणि तिचा कामाशी संबंध नसेल, तर तीही बेकायदेशीर आहे. या तत्त्वाचा आधार घेऊन न्यू हेवन शहराने आपल्या अग्निशमन दलातील बढतीच्या परीक्षेचा २००३ चा निकाल बाजूला ठेवला. कारण त्यानुसार एकाही कृष्णवर्णीय जवानाला तत्काळ बढती मिळणार नव्हती. अभ्यास करून उत्तीर्ण झालेले जवान न्यायालयात गेले. २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. केवळ दाव्याच्या भीतीने निकाल रद्द करता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय होता.

५.३.३ जुन्या कायद्याचा नवा उपयोग
गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांना करार करण्याचा समान हक्क मिळावा, म्हणून १८६६ मध्ये एक कायदा झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड विद्यापीठाची वंशाधारित प्रवेशपद्धती अवैध ठरविली. तो निकाल नोकरीविषयी नव्हता. परंतु त्यानंतर १८६६ च्या कायद्याचे शस्त्र करून काही मोठ्या वकिली संस्थांवर दावे झाले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेल्या त्यांच्या पाठ्यवृत्तींच्या अटी बदलल्या गेल्या व दावे मागे घेतले गेले. येथे निकालाचीही गरज भासली नाही. दाव्याचा धाक पुरेसा ठरला.

५.३.४ न्यायालयाबाहेरील मार्ग
ग्राहकांचा दबाव हा एक मार्ग आहे. समाजमाध्यमांवरील मोहिमांनंतर २०२४ मध्ये ट्रॅक्टर सप्लाय व हार्ले-डेव्हिडसन या कंपन्यांनी आपली धोरणे मागे घेतली. भागधारकांच्या सभेत ठराव मांडणे हा दुसरा मार्ग होय. तो दर वेळी फळतोच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॉस्टको कंपनीच्या भागधारकांनी असा ठराव ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला. तिसरा मार्ग सत्तेचा. २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द केला. जे धोरण संसदेच्या कायद्यावर नव्हे तर आदेशावर उभे असते, ते दुसऱ्या आदेशाने जाऊ शकते.

५.४ भारतीय संदर्भ
आपल्या संविधानात अनुच्छेद १६(१) संधीच्या समानतेची हमी देतो, तर १६(४) मागासवर्गीयांसाठी राखीव जागांची मुभा देतो. म्हणजे अमेरिकेत जे अर्थ लावून सिद्ध करावे लागले, ते येथे मूळ संहितेतच आहे. त्यामुळे येथील विरोधक तत्त्वापेक्षा मर्यादांवर भर देतात. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने बढतीतील आरक्षण अमान्य केले. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी ते पुन्हा शक्य केले. २००६ च्या नागराज निकालाने त्यासाठी मोजता येण्याजोग्या आकडेवारीची अट घातली. तेव्हापासून ‘आरक्षण असावे का’ याबरोबरच ‘आकडेवारी कोठे आहे’ हाही प्रश्न न्यायालयांत विचारला जाऊ लागला.

५.५ समारोप
वरील उदाहरणांवरून दिसते की, समानतेचे दोन अर्थ येथे समोरासमोर उभे असतात : एक व्यक्तीला समान वागणूक देण्याचा, दुसरा गटांमधील साचलेली विषमता दूर करण्याचा. ग्रॅमर्सीतील गोऱ्या कामगाराची तक्रार खोटी नव्हती. त्याच कारखान्यातील ‘२७३ पैकी पाच’ हा आकडाही खोटा नव्हता. विरोधकाचा युक्तिवाद समजून घेणे म्हणजे तो मान्य करणे नव्हे. तो समजल्याखेरीज धोरणाचे समर्थनही पक्के होत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘वेबर’ खटल्यात कायद्याचा शब्द व हेतू यांतील संघर्ष कसा सोडविला गेला?
२. न्यू हेवनच्या प्रकरणात आपणांस कोणाची बाजू अधिक न्याय्य वाटते? सकारण लिहा.
३. आपण नोकरी करीत असल्यास, आपल्या कामाच्या ठिकाणी बढतीचे निकष कोणते आहेत ते पाहा व ते सर्वांना समान संधी देतात काय, यावर दहा ओळी लिहा.